"उकळूनही पिऊ नका": टोलेडो शहराचे अडीच दिवस

शनिवार, २ ऑगस्ट २०१४. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं टोलेडो शहर, मध्यरात्र उलटून गेलेली, माणसं गाढ झोपेत, आणि शहराने सूचना काढली की नळाचं पाणी पिऊ नका. इथपर्यंत आपल्याला नवीन काही नाही, पाईपलाईन फुटली की आपल्याकडेही स्पीकर लावून रिक्षा फिरते. पण त्या सूचनेत पुढे लिहिलं होतं की पाणी उकळूही नका. कारण हे विष उकळल्याने जात नाही, पाण्याची वाफ होते, विष मात्र तेवढंच भांड्यात राहतं, म्हणजे उरलेलं पाणी आधीपेक्षा जास्त विषारी.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता आणि त्याचं कारण सांगते. मी बरीच वर्षं एका फिल्टर प्लांटच्या लॅबमध्ये नोकरी केली. एका उन्हाळ्यात धरण तळाला गेलेलं, पाण्याला ओल्या मातीसारखा, कुजक्या गवतासारखा वास यायला लागला, आणि लॅबचा फोन दिवसभर वाजत होता. मी प्रत्येकाला एकच उत्तर देत होते, "काका, काळजी करू नका, उकळून गार करून प्या." मनापासून सांगत होते, कारण माझ्या रजिस्टरमध्ये सगळं व्यवस्थित होतं, गढूळपणा मर्यादेत, क्लोरीन बरोबर, जंतू शून्य. शेवाळाचं विष आम्ही तपासतच नव्हतो, ते असतं हेसुद्धा मला तेव्हा धड माहीत नव्हतं. कोणाला काही झालं नाही, पण ते पाणी चांगलं होतं म्हणून झालं नाही की आमचं नशीब, ह्याचं उत्तर आता कधीच मिळणार नाही. म्हणून ही केस मी नीट वाचली आणि म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

टोलेडो शहर ईरी तलावाच्या पश्चिम टोकाला आहे. तलाव म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतो तसला नाही, समुद्रासारखा अफाट, पण हे पश्चिमेचं टोक फार उथळ, सरासरी खोली सात-आठ मीटर. उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापतं. त्यात मॉमी नावाची नदी शहरातूनच येऊन मिळते आणि तिच्या खोऱ्यात मैलोनमैल मका आणि सोयाबीन. शहराचं जॅकवेल, म्हणजे पाणी ओढून घ्यायची विहीर, काठापासून चार-पाच किलोमीटर आत तलावात, तिथून पाणी पंपिंग स्टेशनला आणि तिथून कॉलिन्स पार्क नावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात. ह्या एका केंद्रावर साधारण पाच लाख लोक अवलंबून, टोलेडो, आजूबाजूची गावं, आणि राज्याची हद्द ओलांडून मिशिगनचाही थोडा भाग. दुसरा स्रोत नाही.

आता शेवाळाबद्दल. ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर शेवाळ नाहीच, ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया, सूर्यप्रकाशावर जगणारे. ईरी तलावात जो दरवर्षी माजतो त्याचं नाव मायक्रोसिस्टिस. ह्याच्या पेशीत हवेच्या बारीक बारीक नळ्या असतात, त्यामुळे वारा पडलेल्या दिवशी हा वर येऊन तरंगतो आणि पृष्ठभागावर हिरव्या ऑइलपेंटचा डबा ओतल्यासारखं दिसतं. वारा सुटला की ढवळून खाली जातो. हे वर-खाली जाणं नीट लक्षात ठेवा कारण जॅकवेल पाणी खालून ओढतं, म्हणजे वर तवंग कितीही भयानक दिसो, तो वरच तरंगत राहिला तर प्लांटला थोडा कमी त्रास, आणि वरून पाणी जरा बरं दिसायला लागलं, सगळं ढवळलं गेलं, तर तेच विष थेट पाईपात. मायक्रोसिस्टिस जे विष बनवतो ते मायक्रोसिस्टिन, आणि ते यकृतावर जातं, यकृताच्या पेशी ते आत ओढून घेतात आणि आतली काही महत्त्वाची एन्झाइम्स बंद पडतात. कमी प्रमाणात उलट्या, जुलाब, पोटदुखी, जास्त झालं तर यकृताला इजा.

२०१४ चा बहर, म्हणजे ह्या जिवाणूंचं तलावात माजणं, काही विक्रमी नव्हता. २०११ चा त्याच्यापेक्षा बराच मोठा होता, २०१५ चा तर आणखी मोठा. पण २०१४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला वाऱ्याने तो बरोबर जॅकवेलच्या भागात ढकलला आणि ढवळला. नंतर २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वेळचे नमुने तपासून आणखी एक गोष्ट मांडली ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या दिवसांत मायक्रोसिस्टिसवर विषाणूंचा हल्ला झाल्याच्या खुणा त्यांना सापडल्या. विषाणूने पेशी फोडल्या की आतलं विष पाण्यात विरघळतं, आणि पेशीच्या आत बंद असलेलं विष आणि पाण्यात विरघळलेलं विष ह्यात फिल्टर प्लांटच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो फरक असा. पेशी अख्खी असेल तर तुरटी घातल्यावर तिचे पुंजके बनतात, खाली बसतात, उरलेलं वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतं आणि विष पेशीसकट बाहेर जातं. आपल्या सगळ्या प्लांटमध्ये हेच चालतं आणि हे काम उत्तम होतं. पेशी फुटली की मात्र विरघळलेलं विष तुरटीला दाद देत नाही, वाळूतून साखरेच्या पाण्यासारखं आरपार जातं. मग दोनच उपाय, एक पावडर कार्बन म्हणजे बारीक कोळशाची भुकटी, जिला विष चिकटतं, आणि दुसरा क्लोरीन किंवा ओझोनसारखं काहीतरी जे विषाचा रेणूच मोडतं. क्लोरीनला त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचा आकडा) ८ च्या वर गेला की तो ढिला पडतो.

आणि इथे आपल्या लोकांनी थांबून विचार करावा अशी गोष्ट आहे. कच्च्या पाण्यात शेवाळ दिसलं की पुष्कळ ठिकाणी पहिला हुकूम सुटतो तो म्हणजे प्री-क्लोरिनेशन, म्हणजे कच्च्या पाण्यातच घालायचं क्लोरीन, वाढवा. म्हणजे काय होतं, शेवाळ मरतं, पाणी दिसायला छान होतं, आणि पेशी फुटून विष मोकळं होतं, तेही सगळ्यात पहिल्या टप्प्यावर. धरणात मोरचूद टाकणं हा त्याचाच मोठा भाऊ. ऑस्ट्रेलियात पाम आयलंड म्हणून बेट आहे, तिथे १९७९ मध्ये लोकांनी पाण्याच्या वासाची-चवीची तक्रार केली म्हणून जलाशयात मोरचूद टाकलं, आणि थोड्याच दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यातली १३८ लहान मुलं, यकृत आणि किडनीवर परिणाम झालेला, बहुतेकांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथला सायनोबॅक्टेरिया वेगळा होता आणि विषही वेगळं, पण पेशी फोडून ते पाण्यात सोडलं माणसांनीच.

तर परत टोलेडोला. शुक्रवारी, १ ऑगस्टला, केंद्राच्या लॅबमध्ये शुद्ध केलेल्या पाण्याची चाचणी लावली होती. ही चाचणी कशी असते ते थोडं सांगते कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ९६ बारीक खळगे. नमुना घेतल्या घेतल्या त्यात हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून क्लोरीन मारावा लागतो, नाहीतर बाटलीतच क्लोरीन विष मोडत राहतो आणि आकडा खोटा कमी येतो. पेशीतलं विषही मोजायचं असेल तर नमुना तीनदा गोठवायचा, तीनदा वितळवायचा. मग खळग्यात एक-एक द्रावण, थांबा, धुवा, पुढचं द्रावण, परत थांबा, असे तीन-चार तास. शेवटी निळा रंग येतो, त्यात आम्लाचे थेंब टाकले की तो पिवळा होतो. आणि गंमत म्हणजे हिशोब उलटा असतो, खळगा जितका गडद पिवळा तितकं विष कमी, आणि फिकट पडला की समजायचं पाण्यात काहीतरी आहे. ज्या माणसासमोर त्या रात्री ते फिकट खळगे आले त्याच्या जागी मी स्वतःला कितीदा तरी ठेवून बघितलंय.

आकडा आला १ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर. परत चाचणी केली, तरी वर. त्या दिवसांतले सगळ्यात जास्त आकडे अडीचच्या आसपास होते. १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे किती तर दहा हजार लिटरचे शंभर टँकर उभे करा आणि त्या सगळ्यात मिळून एक ग्रॅम टाका, तेवढं. डोळ्याला दिसत नाही, वास नाही, चव नाही. तो मातीचा वास असतो तो वेगळ्या रसायनांचा, जिओस्मिन वगैरे, ती बिनविषारी असतात. वास आला म्हणजे विष आहेच असं नाही आणि वास नाही म्हणजे विष नाही असंही नाही.

हा १ कुठून आला? जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये दिलेला. उंदरांना तेरा आठवडे विष देऊन बघितलं, रोज किलोमागे ४० मायक्रोग्रॅमला काही दिसलं नाही, त्याला सुरक्षिततेसाठी हजाराने भागलं, आलं ०.०४. साठ किलोचा माणूस धरला, म्हणजे दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम. त्यातलं ८० टक्के पाण्यातून येतं असं मानलं, रोज दोन लिटर पाणी, भागाकार करा, ०.९६ येतं. तोच १. म्हणजे हा आकडा आयुष्यभर रोज पिणाऱ्या मोठ्या माणसासाठी काढलाय, भरपूर राखीव अंतर ठेवून. अमेरिकेत तेव्हा मायक्रोसिस्टिनसाठी देशपातळीवर मर्यादाच नव्हती, ओहायोने आपल्यापुरता हा १ चा आकडा 'पिऊ नका' सांगण्यासाठी ठरवून ठेवला होता. आणि धोका काल्पनिक नव्हता. वर्षभरापूर्वी, सप्टेंबर २०१३ मध्ये, ह्याच तलावाकाठच्या कॅरोल टाऊनशिप नावाच्या छोट्या वस्तीत, जेमतेम दोन हजार लोकांची योजना, तिथे स्वतःहून केलेल्या चाचणीत विष सापडलं आणि त्यांनी प्लांट बंद करून शेजारच्या योजनेचं पाणी घेतलं. चाचणी सक्तीची नसताना केली म्हणून सापडलं. छोट्याशा गावाने मोठ्या शहराला दिलेली ही आगाऊ सूचना होती.

आकडा ठरलेला होता हे मला ह्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं बळ वाटतं. मध्यरात्री लॅबमध्ये उभं राहून, पाच लाख लोकांना पाणी पिऊ नका सांगायचं की सकाळपर्यंत थांबायचं, साहेबांना उठवायचं की नाही, लोक घाबरतील का, राजकारण होईल का, हा सगळा विचार करायला बसलं तर कोणीही 'अजून एकदा टेस्ट लावू, सकाळी बघू' म्हणेल. मी म्हटलं असतं. पण १ च्या वर गेलं तर काय करायचं हे आधीच कागदावर होतं, त्यामुळे रात्रीच सूचना निघाली, आणि सकाळी उठून बाळाची दुधाची बाटली भरायच्या आधी बऱ्याच घरांपर्यंत ती पोचली.

मग जे व्हायचं ते झालं. पहाटेपासून दुकानांतलं बाटलीबंद पाणी संपलं, लोक गाड्या काढून दुसऱ्या गावांत, शेजारच्या राज्यात पाणी आणायला गेले. हॉटेलं, खानावळी बंद. गव्हर्नर जॉन केसिक यांनी आणीबाणी जाहीर केली, नॅशनल गार्डचे जवान पाणी घेऊन आले, शाळांमध्ये, अग्निशमन केंद्रांवर वाटप सुरू झालं. ऑगस्टचा उन्हाळा, आणि खिडकीतून बघावं तर समोर जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या गोड्या पाण्याच्या साठ्यांपैकी एक.

पण खरी परीक्षा होती ती सूचना समजावून सांगण्याची. लोकांच्या डोक्यात अनेक पिढ्या 'पाणी खराब, तर उकळा' हेच बसलेलं, आपल्याकडे तर आईच्या दुधाबरोबर पाजलेलं, आणि तुम्हाला त्याच्या बरोबर उलट सांगायचंय, तेही अर्धवट झोपेतल्या माणसाला. त्यात प्रश्नांचा पाऊस. आंघोळ करू का? भांडी घासू का? दात? कुत्र्याला देऊ का? बर्फाच्या ट्रेमधलं काय? मोठ्या धडधाकट माणसाने आंघोळ केली तर चालेल, पण लहान मुलं आणि यकृताचा आजार असलेल्यांनी टाळावं, असं सांगितलं गेलं, आणि पहिल्या दिवशी ह्याच्यावरून बराच गोंधळ उडाला. मला वाटतं ह्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं संकट यायच्या आधी छापून कपाटात तयार हवीत, ऐनवेळी सुचत नाहीत. आणि सूचनेत 'उकळू नका' हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, कारण माणूस पहिली ओळ वाचतो आणि गॅस पेटवायला उठतो.

दवाखान्यांचा विषय वेगळा आणि फार गंभीर. डायलिसिसला एका वेळी शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं आणि ते पातळ पडद्यापलीकडून थेट रक्ताच्या संपर्कात येतं. पोट, आतडी, काही मध्ये नाही. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये टँकरने आणलेलं, नीट शुद्ध न केलेलं पाणी वापरलं गेलं. फेब्रुवारीत १३१ पैकी ११६ रुग्णांना डोळ्यांसमोर अंधारी, मळमळ, उलट्या सुरू झाल्या, शंभर जणांचं यकृत निकामी व्हायला लागलं, आणि ५२ मृत्यू ह्या विषामुळे झाले असं तपासात ठरलं. पाणी ज्या जलाशयातून आलं होतं तिथे सायनोबॅक्टेरिया माजले होते. आधीच किडनी गेलेली माणसं, आठवड्यातून तीनदा जीव वाचवायला येणारी. टोलेडोत सूचना काढताना दवाखाने आणि डायलिसिस केंद्रं यादीत वर का असावी लागतात ते ह्याच्यावरून कळेल. आपल्याकडे उन्हाळ्यात किती डायलिसिस सेंटर्स टँकरवर चालतात ते आपल्याला माहितेय. त्यांची आरओ यंत्रणा आणि कार्बन फिल्टर वेळच्या वेळी बदलले जातात का हा प्रश्न विचारायला संकोच करू नका, नातेवाईक म्हणून तुमचा तो हक्क आहे.

इकडे प्लांटमध्ये पावडर कार्बनचा डोस वाढवला, क्लोरीन वाढवलं. कार्बन जितक्या लवकर, म्हणजे जॅकवेलकडच्या पंपिंग स्टेशनलाच टाकता येईल तितकं चांगलं, कारण पाईपमधून प्लांटपर्यंत येईतो त्याला विष पकडायला वेळ मिळतो. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळांतही गेले, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सिनसिनाटीच्या लॅबमध्येसुद्धा. आणि तिथे नवीन अडचण, वेगवेगळ्या लॅबचे आकडे जुळेनात. कोणी नमुना कसा हाताळला, क्लोरीन केव्हा मारला, पातळ कसा केला, ह्यातले बारीक फरक, आणि मर्यादा १ असताना ०.८ आणि १.२ मध्ये सगळं शहर लटकलेलं. आधी पद्धत एकच ठरवून घेतली पाहिजे ही अक्कल इथे आली, म्हणजे पहिल्यांदा सगळ्यांनी एकाच तऱ्हेने मोजायचं आणि मग आकड्यावर बोलायचं. रविवारीही सगळे नमुने समाधानकारक नव्हते म्हणून महापौर डी. मायकल कॉलिन्स यांनी घाई केली नाही. सोमवारी, ४ ऑगस्टला सकाळी, निकाल स्वच्छ आल्यावर सूचना मागे घेतली आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर नळाच्या पाण्याचा ग्लास प्यायला. लोकांना घरातले नळ सोडून पाईपमधलं जुनं पाणी वाहून जाऊ द्यायला सांगितलं.

ह्याच्यावर नंतर एक आक्षेप आला आणि तो सोडून द्यावा असा नाही. अडीच मायक्रोग्रॅम, तेही अडीच दिवस, त्यासाठी पाच लाख लोकांचं पाणी बंद करायची खरंच गरज होती का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आकडे नव्याने मांडले, आयुष्यभरासाठी १ तसाच ठेवला, पण थोड्या दिवसांसाठी १२ चालेल असं सांगितलं. त्या हिशोबाने टोलेडोतला मोठा माणूस सुरक्षित होता. पण बाळाचं गणित वेगळं. पाच किलोचं बाळ पावडरच्या दुधातून दिवसाला पाऊण लिटर पाणी पितं, म्हणजे वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या साडेचारपट. त्याच मार्गदर्शनात बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांसाठी ३ च्या वर पर्यायी पाणी द्या असं म्हटलंय. आणि अमेरिकेने तर टोलेडोनंतर, जून २०१५ मध्ये, दहा दिवसांच्या वापरासाठी जे आकडे काढले ते सहा वर्षांखालच्या मुलांना ०.३ आणि बाकीच्यांना १.६. ह्या मोजमापाने टोलेडोचं पाणी मोठ्यांनाही चालणारं नव्हतं आणि लहानांना तर आठपट जास्त. माझं मत सांगायचं तर त्या रात्री त्यांनी केलं ते बरोबर केलं. आकडा पुढे वाढतोय की उतरतोय हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि वाढत्या विषाच्या मागे मागे धावत सूचना काढणं ह्यासारखी वाईट गोष्ट नाही. फक्त दोन पातळ्या आधीच ठरलेल्या असत्या, एक लहान मुलं-गरोदर बायका-यकृताचे आणि डायलिसिसचे रुग्ण यांच्यासाठी आणि एक सगळ्यांसाठी, तर गोंधळ कमी झाला असता, आणि पुढे आकडे तसेच दोन पातळ्यांत आले.

पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, तलावात तोवरचा सगळ्यात मोठा बहर आला. टोलेडोत एक दिवससुद्धा पाणी बंद झालं नाही. शेवाळ जास्त, त्रास कमी, असं कसं? तर आता तलावात सेन्सर लावलेले तरंगते बोये होते जे पाण्यातला बदल आधीच कळवत होते, उपग्रहाच्या चित्रांवरून बहर कुठे सरकतोय ह्याचं बुलेटिन वाचलं जात होतं, कच्च्या पाण्याची चाचणी नियमित होत होती, आणि कार्बनचा डोस विष पोचायच्या आधी वाढत होता. २०१६ मध्ये ओहायोने पाणी योजनांना मायक्रोसिस्टिनची चाचणी सक्तीची केली. प्लांटमध्ये ओझोनची यंत्रणाही उभी राहिली. नळाकडचं टोक त्यांनी भक्कम केलं, ह्यात शंका नाही.

वरचं टोक मात्र तसंच राहिलं आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ईरी तलाव एकदा बरा झालेला तलाव आहे. १९६० च्या दशकात लोक त्याला मेलेला म्हणत होते, मग १९७२ मध्ये अमेरिका-कॅनडाचा करार झाला, सांडपाण्यातला फॉस्फरस, म्हणजे ह्या शेवाळाचं अन्न, अडवला, साबणातलं फॉस्फेट काढलं, आणि ऐंशीच्या दशकात पाणी पुन्हा निवळलं. तेव्हा पाईपच्या तोंडाशी अडवता येत होतं. नव्वदच्या मध्यापासून जे परत सुरू झालं ते शेतातून येतं. मॉमीचं खोरं म्हणजे पूर्वीची मोठी दलदल, एकोणिसाव्या शतकात निचरा करून शेती केलेली, आजही जमिनीखाली सच्छिद्र पाईपांचं जाळं आहे. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत घालतात तसेच पाईप, कल्पना करा जिकडेतिकडे. खत वर पसरलं, पाऊस पडला, की विरघळलेला फॉस्फरस ह्या पाईपांतून चरात, चरातून नदीत. शिवाय मोठमोठ्या गोठ्यांचं आणि कोंबड्यांचं खत. मार्च ते जुलै ह्या महिन्यांत मॉमीतून किती फॉस्फरस आला ह्यावरून त्या उन्हाळ्याचा बहर केवढा असेल ह्याचा अंदाज आधीच बांधता येतो, इतका सरळ संबंध आहे. त्यात झेब्रा शिंपले, बाहेरून जहाजांबरोबर आलेले, बाकीचं शेवाळ खातात आणि मायक्रोसिस्टिस थुंकून टाकतात.

२०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने २०२५ पर्यंत फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. ओहायोने गोठलेल्या आणि चिंब जमिनीवर खत टाकायला बंदी घातली. बाकी बरंचसं शेतकऱ्यांच्या मर्जीवर आणि अनुदानावर. २०२५ आलं आणि ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. मधे फेब्रुवारी २०१९ मध्ये टोलेडोच्या नागरिकांनी मतदान करून तलावालाच कायदेशीर हक्क दिले, वर्षभराने फेडरल कोर्टाने तो कायदा रद्द केला. शेतकऱ्याला एकट्याला दोषी धरणं मला पटत नाही, त्याचं गणित आधीच तोट्यात असतं, पण गावाने दरवर्षी कार्बन विकत घ्यायचा आणि खोऱ्याने दरवर्षी फॉस्फरस पाठवायचा हा खर्च शेवटी पाणीपट्टी भरणाऱ्या माणसाच्याच डोक्यावर बसतो.

आपल्याकडचं थोडं. उजनीत पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून येऊन साठतं, पाणी हिरवं झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि तिथलंच पाणी सोलापूरला जातं. तिथे विष आहे असं मी म्हणत नाही, हिरवं दिसलं म्हणजे विषारीच असंही नसतं, पण ते मोजल्याशिवाय कळत नाही एवढंच म्हणते. जलपर्णी वेगळी आणि हे वेगळं, जलपर्णी काढली की फोटो छान येतो, शेवाळाचं अन्न पाण्यात तसंच असतं.

घरच्यांसाठी विचारणाऱ्यांना: आरओ हे विष बऱ्यापैकी अडवतो. नुसता यूव्ही नाही, कँडल नाही. कार्बनचा फिल्टर अडवतो, पण तो भरला की थांबतो. आणि तळ्यावर संशय आला तर एक साधी गोष्ट करता येते, ती मी स्वतः दोन-तीन तळ्यांवर केलीय. रबरी हातमोजे घालून काचेची झाकणाची बरणी पाऊण भरायची, घरी आणून फ्रिजमध्ये कोपऱ्यात न हलवता रात्रभर ठेवायची, वर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी लावून. सकाळी हिरवं सगळं तळाला बसलेलं असेल तर बहुधा साधं शेवाळ. हिरवी साय वर येऊन काचेला कडं धरलं असेल तर ते हवेच्या नळ्यावालं आहे. ह्यातून विष किती ते कळत नाही. पण बरणीचा फोटो, तळ्याचं नाव आणि तारीख घेऊन पाणीपुरवठा विभागात जा, आणि पाण्याची मायक्रोसिस्टिनसाठी चाचणी कधी केली होती असं लेखी विचारा. तोवर तिथे पोरांना पोहायला पाठवू नका, जनावरं त्या काठावर नेऊ नका. आणि कोणी "उकळून प्या" म्हटलं तर त्याला हे सांगा.